खुणेच्या वर बोटभर

दोघी बहिणी एकाच कॉलेजात, एकाच विषयाच्या आणि एकाच प्रयोगशाळेत, त्यामुळे त्यांना आडनावानं कुणी हाक मारलीच नाही. एक थोरल्या बाई, दुसऱ्या धाकट्या बाई. शिपाई मामांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी हीच सोय करून घेतली होती. मुलं मात्र पाठीमागे थोरलीला ‘थेंब मॅडम’ म्हणत. बरणीतलं पाणी खुणेवर आणताना शेवटचे थेंब ती श्वास रोखून घालायची आणि तेवढा वेळ वर्गात कुणाला खोकायचीसुद्धा परवानगी नसे.

धाकटीचं असं काही नव्हतं. ती बडबडी, घाईची, हसरी. तिच्या तासाला मुलं दांडी मारत नसत, यातच सगळं आलं.

आता तिची एक खोड सांगायला हवी. एक लिटर द्रावणात तीनशे ग्रॅम मीठ हवं असेल, तर मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं आणि मग वरून पाणी घालत लिटरच्या खुणेपर्यंत आणायचं. म्हणजे मीठ आणि पाणी मिळून एक लिटर. फळ्यावर धाकटी हे अगदी बरोबर शिकवायची. पण स्वतःच्या हातानं करताना तिचं गणित उलटं. आधी खुणेपर्यंत पाणी भरून मोकळी व्हायची आणि मग त्यात मीठ ओतायची. मीठ विरघळून दिसेनासं झालं तरी जागा खातंच. पाणी खुणेच्या वर चांगलं बोटभर चढायचं आणि द्रावण पातळ पडायचं. लिटरला तीनशे ग्रॅम हवे असताना भरायचे दोनशे एकाहत्तर.

“लिटरभर पाणी, तीनशे ग्रॅम मीठ. हिशेब सरळ आहे की नाही, तायडे?”

“सरळ आहे आणि चूक आहे. ओतून दे ते.”

“बोटभर पाण्यानं कुणी मरत नाही गं!”

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. थोरली ओतून द्यायला लावायची, धाकटी हसत हसत ओतून द्यायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. शिवाय ढवळायची काचकांडी धुवून ओली तशीच सिंकमध्ये टाकून जायची. तीही थोरलीनंच पुसायची.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकटी गेली. साधा ताप म्हणता म्हणता दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथून ती घरी आलीच नाही.

घरी राहिल्या दोघी, थोरली आणि आई. आईच्या डोक्यातून अलीकडे गोष्टी निसटायला लागल्या होत्या. धाकटी गेल्याचं तिला दोनदा सांगून झालं. दोन्ही वेळा तिनं ते पहिल्यांदाच ऐकलं आणि दोन्ही वेळा तसाच हंबरडा फोडला. तिसऱ्यांदा सांगायची थोरलीची छाती झाली नाही. संध्याकाळी आईनं विचारलं, “धाकटी कुठं राहिली गं?” तेव्हा ती म्हणाली, “लॅबमध्ये आहे. द्रावणं करतेय. येईल.”

“उशीर करते ही पोर,” आई म्हणाली आणि समाधानानं जेवली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. खोटं बोलायचं थोरलीला जड जायचं. पण आईला पुन्हा रडवण्यापेक्षा ते परवडलं.

प्रयोगशाळेच्या मागे एक लहान खोली होती. तिथं द्रावणं तयार होत. एका भिंतीला फळ्या, एका बाजूला सिंक, मधे लाकडी टेबल आणि त्यावर खुणा असलेली मोठी काचेची बरणी. वरच्या फळीवर धाकटीनं सुट्टीआधी तयार करून ठेवलेला एक काचेचा चंबू होता, तोंडाला कापसाचा बोळा लावलेला. आत हायपो, फोटो धुताना वापरतात तो क्षार. हे तिचं आवडतं नाटक होतं. हायपोचे खडे थेंबभर पाणी घालून तापवले की वितळतात आणि न हलवता गार होऊ दिले की तसेच पाण्यासारखे नितळ राहतात. जेवढं विरघळून राहायला हवं त्याहून कितीतरी जास्त त्या पाण्यात दडून बसलेलं असतं. मग हायपोचा एक कण टाकायचा. बघता बघता सगळा चंबू पांढऱ्या सुयांनी भरून गोठतो आणि गोठताना गरम होतो. धाकटी तो गरम चंबू थोरलीच्या हातात कोंबायची. थोरलीचे हात बारमाही गार. “धर तायडे, शेकून घे.”

तो शेवटचा चंबू थोरलीनं तसाच ठेवला होता. ती त्याला हात लावत नसे आणि मामांनाही लावू देत नसे. आतलं पाणी अजून नितळच होतं.

कॉलेज सुरू झालं आणि पहिल्याच प्रात्यक्षिकाला घोटाळा झाला. प्रयोग सोपा होता. मिठाच्या द्रावणाचे दहा मिलिलिटर मोजून घ्यायचे, बशीत आटवायचे, उरलेलं मीठ तोलायचं आणि त्यावरून लिटरला किती ग्रॅम ते काढायचं. द्रावण थोरलीनं आदल्या दिवशी स्वतः केलं होतं, तीनशेचं. बशीत तीन ग्रॅम उरायला हवेत. मुलांचे उरले दोन पूर्णांक एकाहत्तर. एका बाकाचे, दुसऱ्या बाकाचे, सगळ्यांचेच.

“एकमेकांचं बघून लिहिलंत ना?” थोरली कडाडली. मुलांनी शपथा घेतल्या. तिनं स्वतः दहा मिलिलिटर आटवले. तिचेही तेवढेच आले.

मागच्या खोलीत जाऊन तिनं बरणी पाहिली. तासाआधी गडबडीत तिकडे नीट लक्षच गेलं नव्हतं. मुलांना दिलेलं द्रावण वजा जाऊनही बरणीत एक लिटरहून जास्त उरलं होतं. आपण तर बरोबर खुणेवर आणून सोडलं होतं. आणि सिंकमध्ये काचकांडी पडली होती, ओलीच.

मामांना बोलावणं गेलं. मामांनी कानांवर हात ठेवले. “बाई, मी तुमच्या बाटल्यांना शिवत नाही. एकदा शिवलो तर नवा शर्ट गेला होता. तुम्ही म्हणत असाल तर खरंच कुठंतरी पाणी मुरतंय, पण ते माझ्याकडून नाही.”

थोरलीनं नवं द्रावण केलं, खुणेवर आणलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. सकाळी येऊन पाहते तो पाणी खुणेच्या वर बोटभर. सिंकमध्ये कांडी ओली. आटवून पाहिलं, तर दोनशे एकाहत्तर.

ती स्टुलावर बसली. तो आकडा तिनं इतक्या वेळा खोडला होता की डोळे मिटूनही तिला ओळखू आला असता. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

तरीही ती थेंब मॅडमच. भीती वाटली म्हणून पडताळा सोडणाऱ्यांतली नव्हे. तिनं विचार केला, समजा कुणी नुसतंच बोटभर पाणी वरून घालत असेल, खिडकीतून म्हणा, कसंही म्हणा. मग बरणीत काहीही असलं तरी वाढ तेवढीच दिसेल. पण साखर पाण्यात मिठापेक्षा पुष्कळ जास्त जागा खाते. म्हणून त्या दिवशी तिनं मिठाऐवजी साखर घेतली, तीनशेच ग्रॅम, आणि पाणी बरोबर लिटरच्या खुणेवर आणलं. शेजारच्या भांड्यात धाकटीच्या पद्धतीनं करून पाहिलं. लिटरभर पाण्यात तीनशे ग्रॅम साखर ओतली की पाणी चढतं अकराशे शहाऐंशीवर. ते भांडं तिनं ओतून दिलं, कुलूप लावलं आणि घरी गेली.

“धाकटी कुठं राहिली गं?” आईनं विचारलं.

“लॅबमध्ये आहे,” थोरली म्हणाली.

सकाळी बरणीतलं पाणी अकराशे शहाऐंशीवर होतं.

नुसत्या पाण्याच्या चोराला एवढं रसायनशास्त्र कुठलं! हा हिशेब करणारी एकच होती आणि तो चुकीचा करणारीही एकच. खोलीत कुणी नव्हतं, नळ बंद होता, वरच्या फळीवर हायपोचा चंबू होता तसा नितळ. तिनं सिंकमधली कांडी उचलली, बराच वेळ हातात धरली आणि मग नेहमीसारखी पुसून जागेवर ठेवली.

पहिले काही दिवस तिला त्या खोलीत पाठ करून उभं राहायला धीर होत नव्हता. नंतर भीती ओसरली. खरं सांगायचं तर ती त्या बोटभर पाण्याची वाट पाहायला लागली. मामांच्याही आधी कॉलेजात यायची. कुलूप उघडून आधी बरणीकडे बघायची आणि पाणी वर चढलेलं दिसलं की हुश्श करायची. मुलांसाठी दुसरं द्रावण ऐन वेळी, त्यांच्यासमोर करायची. बरणीतलं मात्र ओतून द्यायला आता तिचा हात धजत नसे. “पुन्हा तेच केलंस ना?” असं ती हळूच म्हणायची, तेही रागावल्याचा आव आणून. बहीण मेली आणि तरी रोज कामाला येते, हे सुख कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पण ते सुखच होतं.

मग परीक्षा आली.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार. त्यांची शिस्त अशी, की द्रावण आदल्या दिवशी त्यांच्यासमोर करायचं, बरणीच्या तोंडावर कागद बांधून सही करायची आणि खोलीची किल्ली ते स्वतः घेऊन जाणार. सकाळी तेच उघडणार. द्रावणाची संहती फक्त त्यांना आणि थोरलीला ठाऊक, लिटरला तीनशे. मुलांचं उत्तर त्याच्या जवळ आलं तर गुण, नाहीतर नाही. दोनशे एकाहत्तर आलं तर अख्खा वर्ग नापास. परीक्षकांना ती काय सांगणार होती? माझी बहीण येते म्हणून?

परीक्षक वृद्ध आणि काटेकोर. थोरलीनं शेवटचा थेंब घातला तेव्हा त्यांनीही श्वास रोखला होता. “वा, बाई! असा हात हल्ली दिसत नाही,” म्हणाले आणि सही करायला पेन शोधायला बाहेरच्या टेबलाकडे गेले. थोरली बरणीजवळ एकटीच उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एकीकडे ती पोरं, वर्षभर घासलेली. दुसरीकडे ही, जी फक्त इथंच उरली होती.

“धाकटे,” ती पुटपुटली, “आज रात्री नको. ऐक माझं. आज येऊ नकोस.”

फळीवरच्या चंबूतलं पाणी किंचित हललं. किंवा बाहेरून काही वाहन गेलं असेल. परीक्षक पेन घेऊन आले, कागद बांधला गेला, किल्ली त्यांच्या खिशात गेली.

दुसऱ्या दिवशी कागद उघडला तेव्हा पाणी खुणेवर होतं, तसूभरही इकडेतिकडे नाही. मुलांचे तीन ग्रॅम आले. परीक्षक खूश, प्राचार्य खूश, मामांना चहा मिळाला म्हणून तेही खूश. थोरलीचंही डोक्यावरचं ओझं उतरलं.

संध्याकाळी ती घरी आली. आई खिडकीशी बसली होती. आज तिनं रोजचा प्रश्न विचारला नाही. थोरलीनं हातपाय धुतले, ताटं घेतली. शेवटी थोरलीच म्हणाली, “आई, धाकटीला जरा उशीर होईल हं. लॅबमध्ये आहे.”

“नाही,” आई म्हणाली. “ती कुठली लॅबमध्ये असायला? ताईनं येऊ नको म्हणून सांगितलंय म्हणाली. तोंड एवढंसं झालं होतं पोरीचं. कशाला बोललीस तिला?”

थोरलीच्या हातातली वाटी खाली पडली. ती गोष्ट तिनं जगात कुणालाही सांगितली नव्हती.

“कधी भेटली तुला, आई?”

पण आई ते विसरून गेली होती आणि जेवायला वाढ म्हणत होती.

त्यानंतर बरणीतलं पाणी कधी चढलं नाही. थोरली रोज द्रावण करायची, खुणेवर आणायची, कुलूप लावायची. रोज सकाळी पाणी खुणेवर. आटवून बघावं तर तीन ग्रॅम. कांडी कोरडी, ठेवल्या जागी. आयुष्यभर जे बरोबर यावं म्हणून ती आकाशपाताळ एक करत आली, ते आता रोज बरोबर येत होतं. दवाखान्यात धाकटी गेली तेव्हा निदान तिनं जा म्हटलं नव्हतं. या खेपेला स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. ती हाका मारून थकली. “ये गं, परीक्षा झाली,” असं रिकाम्या खोलीत म्हणताना मामांनी एकदा ऐकलं. त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

शेवटी एका संध्याकाळी तिनं ठरवलं. तिनं बरणीत आधी पाणी भरलं, खुणेपर्यंत. मग तीनशे ग्रॅम मीठ तोललं आणि वरून ओतलं. असं तिनं उभ्या जन्मात केलं नव्हतं. हात ऐकेना. अर्धं मीठ ओतून ती थांबली, मग डोळे मिटून उरलेलं ओतलं. ढवळलं. मीठ दिसेनासं झालं, पाणी खुणेच्या वर बोटभर चढलं. कांडी धुतली आणि ओली तशीच सिंकमध्ये टाकली.

“हे बघ,” ती म्हणाली. “मीच चुकवलं. आता ये.”

सकाळी तिनं कुलूप उघडलं. तिनं दार ढकललं.

बरणीतलं पाणी खुणेवर होतं. बरोबर खुणेवर.

तिनं जवळ जाऊन, वाकून, डोळा खुणेच्या रेषेत आणून पाहिलं. बोटभर पाणी गेलं होतं. टेबल कोरडं, फरशी कोरडी. तिनं दहा मिलिलिटर काढले, आटवले, तोलले. तीन ग्रॅम. जास्तीचं होतं तेवढं पाणीच काढून घेतलेलं, मिठाचा कणही इकडचा तिकडे नाही. सिंकमध्ये कांडी नव्हती. ती पुसून, कोरडी करून, जागेवर ठेवलेली होती. जन्मात जे जमलं नाही ते धाकटीनं केलं होतं, अगदी ताईच्या हातासारखं.

थोरलीला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू. डोळे पुसायला तिनं मान वर केली, तेव्हा फळीवरचा चंबू दिसला. आता तो नितळ नव्हता. बुडापासून गळ्यापर्यंत पांढऱ्या सुयांनी गच्च भरला होता. कापसाचा बोळा शेजारी काढून ठेवलेला. तिनं चंबू खाली घेतला. तो गरम होता. असा चंबू अर्ध्या तासात गार होतो, हे तिला मुलांना शिकवून शिकवून पाठ होतं. म्हणजे बशीवर वाकून ती मीठ आटवत बसली होती, तेव्हा तिच्या पाठीशीच.

ती गर्रकन वळली. खोलीत कुणी नव्हतं.

चंबू गार होईपर्यंत तिनं तो दोन्ही हातांत धरून ठेवला. मग ओढणीत गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि तासाला गेली. दिवसभर मधेमधे पर्समध्ये हात घालून बघत होती. काच गार पडली होती, इतर काचेसारखीच.

संध्याकाळी आईनं विचारलं, “धाकटी कुठं राहिली गं?”

थोरली तिच्याजवळ जमिनीवर बसली. आज तिला खोटं बोलायची गरज नव्हती. “आली होती, आई. कामाला आली होती. आणि आज तिचं अगदी बरोबर आलं बघ. थेंबभर फरक नाही.”

“हो?” आईचा चेहरा फुलला. “मग शाबास म्हणालीस का तिला?”

थोरली आठवायला लागली. ओतून दे म्हणाली होती, चूक म्हणाली होती, पुन्हा कर म्हणाली होती. येऊ नको म्हणाली होती, ये म्हणाली होती. हे कधी म्हणाली होती ते काही केल्या आठवेना.

“नाही ना म्हणालीस?” आई म्हणाली. “त्यासाठी तर थांबलीये ती.”

थोरलीनं पर्स जवळ ओढली, ओढणीतून चंबू काढला आणि मांडीवर ठेवला. आतल्या पांढऱ्या सुया होत्या तशाच होत्या. एकदा गोठलेला हायपो पुन्हा आपोआप तापत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

“शाबास, धाकटे,” ती म्हणाली.

हळूहळू तिच्या गार हातांना ऊब लागायला लागली.